धुमाळकाकांच्या बेसमेंटमधली चिंच

धुमाळकाका नवीन माणसाला नाव विचारत नाहीत. ‘नाव राहू द्या, झाड बोला,’ म्हणतात.

मिनेसोटातल्या आमच्या ईडन प्रेरीत नवं आलेलं एखादं जोडपं गणपतीच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, हातात कागदी प्लेट घेऊन उभं असतं. कंपनी कुठली, व्हिसा कुठला, घर घेतलं की अपार्टमेंट, हे प्रश्न तोवर होऊन गेलेले असतात. तेवढ्यात एक बुटके गृहस्थ समोर येतात. अंगात मळखाऊ जाकीट आणि वरच्या खिशात पेनाच्या जागी फांद्या छाटायची कात्री. रोपाला ऊन पुरतंय की नाही हे बघावं तसे ते दोघांकडे बघतात आणि हळूच म्हणतात, ‘झाड बोला.’

झाड म्हणजे देवक. घराण्याची खूण. कुणाचा कळंब, कुणाचा उंबर, कुणाची मोरवेल. लग्नाआधी त्याची डहाळी आणायची, पुजायची, मांडवाच्या खांबाला बांधायची आणि मग पुढच्या कार्याला लागायचं. शहरात वाढलेल्या आमच्या पिढीला आपल्या लग्नाच्या अल्बममध्ये हळद लावलेली कसली तरी पानं होती, एवढंच आठवतं. त्यामुळे नवरा बायकोकडे बघतो, बायको नवऱ्याकडे, आणि मग कुणीतरी भारतात आईला फोन लावतं. तिकडे पहाट असते. ‘उठव की,’ काका म्हणतात. ‘पाचला माणसं उठतातच.’

सुटका कुणाचीच नाही. पुण्याचे एक जोशी म्हणाले, ‘काका, आमच्यात तसं झाड नसतं. कलश असतो.’

‘कलशात काय असतं?’

‘पाणी. सुपारी. पानं.’

‘कसली पानं?’

‘आंब्याची.’

‘झालं मग. आंबा.’

त्या दिवसापासून जोशी आंबा झाले. काका माणसांना झाडाच्याच नावाने हाक मारतात. पॉटलकमध्ये त्यांचा आवाज ऐकू येतो, ‘अरे आंबा, त्या उंबराला पुरी वाढ जरा. आणि पार्किंगमध्ये वडाच्या गाडीचे लाइट चालू राहिलेत, सांगा कुणीतरी.’ उंबर आणि वड दोघेही आयटीतले, पन्नाशीला आलेले. निमूट उठतात.

मला ते ‘चिंच’ म्हणतात. सोळा वर्षं म्हणतायत आणि सोळा वर्षं मी ओ देतो. हे लिहायला बसलो ते त्याच्यामुळेच.

काकांचं हे वेड सुरू झालं ते शाळेमुळे. इथल्या शाळांमध्ये चौथी-पाचवीला मुलांना फॅमिली क्रेस्ट काढून आणायला सांगतात. युरोपातल्या जुन्या घराण्यांची असते तशी ढाल, ढालीवर घराण्याची चिन्हं. आपली मुलं इंटरनेटवरून सिंह काढून न्यायची. कुणी गरुड. एकाने ड्रॅगन नेला, त्याचे आईवडील नागपूरचे. काका तेव्हा नुकते रिटायर झाले होते. धान्याची कोठारं बांधणाऱ्या कंपनीत तीस वर्षं ड्राफ्ट्समन. हात सरळ रेषेला चटावलेला आणि समोर कागद नाही. तो ड्रॅगन त्यांनी बघितला. मग त्यांनी गॅरेजमध्ये ढालींसाठी प्लायवूड कापायला घेतलं.

‘त्यांच्यातसुद्धा नुसते सिंहच नाहीत,’ ते सांगतात. ‘ओक, पाइन, गुलाब, गव्हाची ओंबी बघ की ढालींवर. ओक म्हणजे टिकणारा. लॉरेल म्हणजे जिंकलेला. ऑलिव्ह म्हणजे भांडण मिटवणारा. आणि आपण? आपल्याकडे झाड घरचंच, ते सोडून आपण त्यांचा सिंह चोरतो. वाळकी माणसं.’

‘वाळकं’ ही त्यांची सगळ्यांत मोठी शिवी. चांगल्या माणसाला ते ‘हिरवा’ म्हणतात. ‘हिरवा माणूस आहे हो तो,’ असं ते भर कार्यक्रमात एका सत्तरीच्या गृहस्थांबद्दल म्हणाले, तेव्हा काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, ‘अहो, दुसरा शब्द शोधा. लोक भलतंच समजतात.’

काकूंचं नाव शालिनी. सगळं बोलणं तिरकं आणि सगळं काम सरळ. काकांच्या झाडांना पाणी त्याच घालतात.

ढालीवर चित्र काढायचं तर झाड समोर पाहिजे, असं काकांचं म्हणणं. म्हणून बेसमेंट. मिनेसोटात ऑक्टोबर ते एप्रिल बाहेर काही जगत नाही, तेव्हा कळंब, उंबर, वड, आपटा, रुई, मोरवेल, सगळी घराणी काकांच्या बेसमेंटमध्ये कुंड्यांत राहतात. काही बिया रुजवून, काही फ्लोरिडातल्या एका नर्सरीतून पोस्टाने आलेली. वर रोपं वाढवायचे जांभळे दिवे, पाण्याच्या वाफेने धुरकटलेल्या दोन छोट्या खिडक्या, आणि प्रत्येक कुंडीच्या मागे भिंतीवर त्या त्या घराची ढाल.

‘वर मी अडुसष्ट डिग्री फॅरनहाइटमध्ये शाल पांघरून,’ काकू म्हणतात, ‘आणि खाली वड अठ्ठ्याहत्तरमध्ये. मी पान असते तर बरं झालं असतं.’

त्या जांभळ्या उजेडापायी एकदा पोलीस आला. बाहेर शून्याखाली वीस, आणि ह्यांच्या खिडकीतून हिवाळाभर जांभळी वाफ. शेजाऱ्यांना वाटलं, आत गांजा पिकवतायत. दारात उंच, गोरा, तरणा ऑफिसर. काकांनी त्याला खाली नेलं आणि पाऊण तास प्रत्येक घराण्याची ओळख करून दिली. शेवटी विचारलं, ‘अँड यू? व्हॉट इज युअर फॅमिली ट्री? नॉट ऑन पेपर. रिअल ट्री.’ तो बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, त्याची आजी नॉर्वेहून आलेली, तिच्या अंगणात बर्च होता, आणि दर उन्हाळ्यात लग्नं असली की ती त्याच्या फांद्या दाराला लावायची. पुढच्या महिन्यात काकांनी त्याला बर्चची ढाल करून दिली. तो अजून ख्रिसमसला कुकीज घेऊन येतो. काका त्याला बर्च म्हणतात, आणि तोही ओ देतो. फरक एवढाच की तो खरा बर्च आहे.

माझी गोष्ट अशी. सोळा वर्षांपूर्वी आम्ही अमेरिकेतल्याच दुसऱ्या गावाहून इथे आलो. मी, मीनल आणि दहा वर्षांची सई. त्याच्या आदल्या वर्षी माझे वडील गेले होते. मी भारतात जाऊ शकलो नव्हतो. व्हिसाच्या स्टॅम्पिंगचं कारण होतं. ते कारण खरं होतं. पण ते सांगताना मला दर वेळी वाटायचं की मी खोटं बोलतोय. वडील कमी बोलायचे. मीही त्यांना कधी काही विचारलं नव्हतं, आणि आता विचारायला ते नव्हते. अशात त्या पहिल्या पॉटलकला एक अनोळखी म्हातारा समोर येऊन, चार माणसांत म्हणाला, ‘झाड बोला.’

मला माहीत नव्हतं. ‘माहीत नाही’ एवढंच म्हणायचं होतं. पण ते वडिलांबद्दल काहीतरी कबूल केल्यासारखं झालं असतं. मी खाली बघितलं. प्लेटमध्ये भेळ होती आणि भेळेवर चटणी.

‘चिंच,’ मी म्हणालो.

काकांनी कात्री खिशातून काढून परत खिशात ठेवली. ‘चिंच? मी सगळी ऐकलीत. चिंच नाही ऐकली.’

‘आमच्यात आहे.’

‘आहे ना, आहे ना,’ ते घाईघाईने म्हणाले. मलाच धीर दिल्यासारखं. ‘दुर्मीळ आहे. जपायला पाहिजे.’

पुढच्याच आठवड्यात त्यांनी किराणा दुकानातल्या चिंचेच्या पाकिटातून चुकून राहिलेले तीन चिंचोके शोधले. त्यातला एक रुजला. सईच्या शाळेत क्रेस्टची वेळ आली तेव्हा रोप वीतभर झालं होतं. काकांनी तिला समोर बसवून ते काढायला शिकवलं. एका देठाला समोरासमोर इवलाली पानं, किती जोड्या ते मोजून. ‘चिंच काय सांगते?’ त्यांनी तिला विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, ‘सावली देते, आंबट बोलते, वादळात मोडत नाही. हे तुझं घराणं.’ सईने ते इंग्रजीत ढालीखाली लिहिलं. वर्गात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे, पालकांच्या खुर्चीवर बसलो होतो. मीही वाजवल्या.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. हे वाक्य मी पुढे दर वर्षी एकदा तरी मनात म्हटलं आहे.

ती ढाल आमच्या फायरप्लेसवर लागली. चिंच वाढत गेली. हिवाळ्यात, शनिवारी दुपारी, मी काकांकडे जायला लागलो. आधी अपराधी वाटून आणि मग सवयीने. चहा घ्यायचा आणि खाली प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसायचं. खिडकीच्या काचेबाहेर बर्फ आपल्या डोक्याच्या वर असतो. आत ओल्या मातीचा वास, कुठेतरी थेंब पडत असतो. साडेचारला बाहेरचा उजेड जातो, काका दिवे मालवतात, आणि चिंच पानं मिटायला लागते. एकेक जोडी, हात जोडल्यासारखी. त्या दहा मिनिटांत आपण कुठल्या देशात आहोत हे मला खरंच आठवत नसे. डोळा लागायचा. स्वप्नात वडील दिसायचे, कराडच्या रस्त्याकडेला एका झाडाखाली धोतराचा सोगा हातात धरून उभे. मी झाड ओळखायचा प्रयत्न करायचो. पानं कधी गोल, कधी लांब, बघता बघता बदलायची. वडील माझी वाट बघत असायचे, चिडलेले नसायचे. जाग आली की काका म्हणायचे, ‘चिंचेखाली झोपू नये म्हणतात. पण घरच्यांना चालत असेल.’

सई ॲन आर्बरला शिकायला गेली. दुसऱ्या वर्षी थँक्सगिव्हिंगला घरी आली आणि बाही वर केली. मनगटाच्या आत, निळसर शाईत, चिंचेचं पान. समोरासमोर, मोजून अकरा जोड्या.

‘डोन्ट बी मॅड, बाबा,’ ती म्हणाली. ‘इट्स अस.’

मीनल टॅटूवरून रागावली. मी रागावलो नाही, म्हणून तिला मी फार आधुनिक वाटलो. मला रात्रभर त्या अकरा जोड्या दिसत होत्या.

गेल्या वर्षी सईने कॅलमला घरी आणलं. तो डलूथचा, घराणं मूळ स्कॉटलंडचं. त्याला अर्थातच बेसमेंट दाखवायला न्यावं लागलं. काका म्हणाले, ‘युअर ट्री?’ आणि तो मुलगा सहज म्हणाला, ‘ज्युनिपर.’

काका खुर्चीवर बसले.

त्यांच्याकडे प्रत्येक कुळाचं एक झाड असतं म्हणे. पूर्वी लढाईला जाताना त्याची डहाळी टोपीला लावायचे. त्याची आजी अजून लग्नकार्याला कोटावर ज्युनिपर लावते. काकांनी हे सगळं दोनदा सांगायला लावलं. मग मराठीत मला म्हणाले, ‘बघ. तेच आहे. ते टोपीला लावतात, आपण मांडवाला.’ एकच देवक असलेल्या दोन घरांत सोयरीक करत नाहीत, हा जुना रिवाज. काकांनी गंभीरपणे तपासून निकाल दिला, ‘चिंच आणि ज्युनिपर. चालतं.’

लग्न यंदाच्या जूनमध्ये करायचं ठरलं. आमंत्रणाच्या कार्डावर सईने स्वतः काढलेली दोन पानं, गुंफलेली. देवक काका बसवणार, चिंचेची डहाळी ते स्वतः तोडणार, हे मी न विचारताच ठरून गेलं.

आमंत्रण द्यायला मी कराडला आत्याला फोन केला. घरातलं जुनं माणूस तेवढंच उरलंय. बोलता बोलता म्हटलं, ‘आत्या, आपलं देवक काय गं?’

‘कळंब. का रे?’

‘सहज.’

‘तुझ्या लग्नात तुझ्या बापानं स्वतः आणला होता. अनवाणी गेला होता ओढ्यापर्यंत. तू मांडवात पेपर वाचत बसला होतास.’

फोन ठेवल्यावर मी गाडीत बसून राहिलो. ड्राइव्ह करायचं होतं, पण कुठे ते आठवेना.

सईला मी आधी सांगितलं. व्हिडिओ कॉलवर, सगळं, भेळेसकट. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. तिने मनगट कॅमेऱ्यासमोर धरलं आणि म्हणाली, ‘सो हूज ट्री इज धिस?’

‘कुणाचंच नाही, बेटा.’

‘मी क्लासमध्ये उभं राहून एसे वाचला होता, बाबा. तुम्ही क्लॅप केलं.’

‘हो.’

तिने बाही खाली ओढली. ‘यू हॅव टू टेल काका. मी नाही सांगणार. आणि वेडिंगच्या आधी. त्यांनी ती डहाळी कट करायच्या आधी.’

मी एप्रिलमध्ये दोनदा गेलो. पहिल्यांदा तोंड उघडलं तर काका म्हणाले, ‘ह्या विंटरला हीटर बंद पडला होता तीन तास. वडाला काही केलं नाही, पहिल्यांदा चिंचेवर ब्लँकेट टाकलं. म्हटलं, एकच आहे जगात.’ मी चहा पिऊन परत आलो. दुसऱ्यांदा काकूंनी दारातच ओळखलं. ‘काय रे, तोंड का एवढुसं? पोरगी लग्न मोडते की काय?’ म्हटलं, नाही. ‘मग ठीक आहे. बाकी काही एवढं नसतं.’ मी त्यावर विश्वास ठेवून पुन्हा चहा प्यायलो.

मेच्या शेवटच्या शनिवारी झाडं बाहेर काढतात. थंडीचा धोका संपतो आणि सगळी घराणी एकेक करून बेसमेंटच्या जिन्याने वर अंगणात जातात. दर वर्षी मदतीला आंबा आणि उंबरही येतात; ह्या वर्षी दोघेही मुलांच्या ग्रॅज्युएशनला गेलेले. मी आणि काकाच. चिंच शेवटी ठेवली होती. सात फूट झाली आहे आता. मी खालून कुंडी धरली, काकांनी वरून बुंधा. वजन माझ्याकडे, सूचना त्यांच्याकडे.

‘डावीकडे. अरे, माझी डावी. पान मोडू नकोस, ह्यातलीच डहाळी लग्नाला न्यायची आहे.’

जिना अर्धा झाला होता. पानांमधून मला काकांचा चेहरा तुकड्यातुकड्यांनी दिसत होता.

‘काका,’ मी म्हणालो, ‘चिंच आमची नाही.’

काका थांबले. मीही थांबलो. कुंडी आमच्यामध्ये तरंगत राहिली.

‘हे आत्ता सांगायचं होतं?’ ते म्हणाले. ‘ना वर, ना खाली.’

‘सोळा वर्षं सांगायचं होतं.’

‘ठेव. सावकाश. पायरीवर ठेव, मी धरतो.’

कुंडी पायरीवर कशीबशी टेकली. मी ती मांडीने अडवून बसलो, काका दोन पायऱ्या वर बसले. मी सगळं सांगितलं. वडील, पॉटलक, प्लेट. आत्याचा फोन. कळंब. सांगताना मी त्यांच्या पायांकडे बघत होतो. मोज्यांवर माती होती. मध्ये एकदाच ते म्हणाले, ‘भेळेवरची चटणी?’

‘हो.’

‘त्यात खजूरही असतो,’ ते म्हणाले. ‘खजूर म्हणाला असतास तर मी काय केलं असतं, कुणास ठाऊक.’

वरच्या दारातून ऊन जिन्यात आलं होतं आणि पानांच्या सावल्या आमच्या दोघांच्या अंगावर हलत होत्या. मला वाटत होतं ते उठतील, कात्री घेऊन कळंबाकडे जातील, आणि मला आयुष्यात पुन्हा ‘चिंच’ म्हणणार नाहीत. हा विचार आला तेव्हा मला कळलं की मला त्याचीच सगळ्यांत जास्त भीती वाटत होती.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, ‘काका, तुमचं देवक काय?’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मला एकदम जाणवलं की सोळा वर्षांत मी हे त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. मी कुणाला विचारतानाही ऐकलं नव्हतं. त्यांना सांगायचीच इतकी सवय झाली होती सगळ्यांना.

‘माहीत नाही,’ ते म्हणाले.

किती साधेपणाने म्हणाले. मला जे भेळेच्या प्लेटवर म्हणता आलं नव्हतं ते.

‘मी चार महिन्यांचा असताना आई मला घेऊन सासरहून निघाली,’ ते म्हणाले. ‘का निघाली, कुठून निघाली, कधी बोलली नाही. सांगलीत एका बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात राहिली. शाळेत नाव घालताना मास्तरांनी आडनाव विचारलं, तर तिनं घरमालकाचं सांगितलं. धुमाळ. मालक चांगला होता, काही बोलला नाही. पण आडनाव घेतलं म्हणून झाड थोडंच येतं बरोबर? माझ्या लग्नात भटजींनी विचारलं, देवक काय. मी शालिनीकडे बघितलं. भटजीच म्हणाले, असू दे, पाच पानं बांधू, ते सगळ्यांना चालतं.’

‘मग तुम्ही सगळ्यांना विचारता ते...’

‘मला वाटायचं, कधीतरी कुणीतरी एखाद्या झाडाचं नाव घेईल आणि मला आत कळेल, हे आपलं. कळतं म्हणे, रक्तात असतं.’ त्यांनी एक पडलेलं पान उचलून तळहातावर ठेवलं. ‘काही कळलं नाही. सगळीच आवडली.’

मी कुंडी धरून बसलो.

‘पोरीला सांगितलंस?’

‘हो. ती म्हणते, माझ्या हातावर आहे ते मग कुणाचं झाड?’

काकांनी पान उलटं केलं, परत सुलटं केलं. खालून बेसमेंटमधला पंखा ऐकू येत होता.

‘लग्नाला कळंब,’ ते शेवटी म्हणाले. ‘त्यात बदल नाही. खालचा कळंब ठणठणीत आहे, डहाळी मीच तोडून देतो. तू पुजायचीस. आणि तुझ्या बापासारखा अनवाणी ये, गाडीतून का असेना.’

‘हो.’

‘आणि ही...’ ते थांबले. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणाकडे काही मागताना पाहिलं नव्हतं. ‘कुणाचीच नाही म्हणालास ना ही? नक्की? आत्याला नीट विचारलंस? दुसऱ्या कुणाची नाही?’

‘कुणाची नाही, काका.’

‘मग राहू दे माझ्याकडे.’

ते भिंतीला धरून उठले. बुंध्यावर हात ठेवून जरा वेळ नुसते उभे राहिले.

‘सईला सांग,’ ते म्हणाले, ‘हातावर आहे ते धुमाळकाकांचं आहे. सांभाळ म्हणावं. आम्हाला पोर नाही.’

वरून काकूंचा आवाज आला. ‘अहो, जिन्यात बसून काय करताय दोघं? खिचडी गार होते.’

‘येतो,’ काका म्हणाले. ‘आमचं देवक वर आणतोय.’

मग काकूंची पावलं आत गेलेली ऐकू आली, नळ वाहिल्याचा आवाज आला. आम्ही कुंडी उचलली. ह्या वेळी काकांनी एकही सूचना दिली नाही. वरच्या पायरीवर पोचलो तेव्हा काकू दारात उभ्या होत्या, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात हळदीकुंकवाची वाटी. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या काकांवर चिडलेल्या होत्या.

‘उंबऱ्याच्या आत येऊ नका,’ त्या म्हणाल्या. ‘थांबा तिथंच. पहिल्यांदा येतंय घरात.’